जुन्या जीपचे कलणे आणि कलंडणे
पाटे वाढवण्यापूर्वी काय तपासावे? जुन्या वाहनांच्या सस्पेन्शनविषयी उपयुक्त माहिती

युसूफ वडगाव (ता. केज, जि. बीड) : प्रतिनिधी

केज तालुक्यातील युसूफ वडगाव आणि मांजरा खोऱ्यातील आसपासची गावे काळ्या मातीच्या पट्ट्यात येतात. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर घातलेला डांबरी रस्ता वरून गुळगुळीत दिसला तरी काही वर्षांत लाटेसारखा वर-खाली होतो. कडेच्या साइडपट्ट्या खचतात आणि डांबराची कड उघडी पडते. अशा रस्त्यावरून पंधरा-वीस वर्षे धावलेली जीप चालवताना ती होडीसारखी डोलत असल्याचा अनुभव अनेकांना येतो. वळणावर ती एका अंगावर जाते, समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरला वाट देण्यासाठी खाली उतरवली की हेलकावते आणि पुन्हा डांबरावर घेताना दोन-तीन झोके खाल्ल्याशिवाय स्थिर होत नाही.

यावर मिळणारा सल्ला बहुधा ठरलेला असतो : ‘गाडी नरम झाली आहे, पाटे वाढवा.’ मालक खर्च करतो आणि गाडी कडक होते. वळणावर ती पूर्वीइतकी झुकत नाही. मात्र, हा सल्ला अर्धवट आहे आणि काही वेळा तो धोक्याचाही ठरतो. गाडीचे कलणे आणि गाडी कलंडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलणे कमी झाले म्हणजे कलंडण्याचा धोकाही तेवढाच कमी झाला, असे मुळीच नाही. जुन्या वाहनावर खर्च करण्यापूर्वी मालकाने हा फरक समजून घेणे आवश्यक आहे.

कलणे म्हणजे काय?

वळणावर गाडीची चाके रस्त्याला धरून वळतात. पण त्यांच्यावर स्प्रिंगच्या आधाराने उभे असलेले धड सरळ जाऊ पाहते. परिणामी बाहेरच्या बाजूच्या स्प्रिंग दबतात, आतल्या बाजूच्या मोकळ्या होतात आणि धड बाहेरच्या अंगाला झुकते. यालाच ‘बॉडी रोल’ म्हणतात. धड किती झुकेल हे मुख्यतः चार गोष्टींवर ठरते : वळणावरचा आडवा जोर, गुरुत्वमध्याची उंची, स्प्रिंगचा कडकपणा आणि दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगमधील अंतर.

गाडी उलटण्याची मर्यादा मात्र वेगळ्या हिशेबाने ठरते. दोन चाकांमधील आडव्या अंतराचा निम्मा भाग घ्यावा आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागावे. येणारा आकडा जितका मोठा, तितकी गाडी उलटण्यास कठीण. अमेरिकेतील रस्ते सुरक्षा यंत्रणा २००१ सालापासून वाहनांना उलटण्याबाबतची गुणवारी देते, तिचा पाया हेच गुणोत्तर आहे. साध्या मोटारींसाठी ते साधारण १.३ ते १.५, तर उंच जीपवर्गीय वाहनांसाठी १.० ते १.३च्या आसपास असते. या हिशेबात स्प्रिंगचा कडकपणा कोठेही येत नाही. धड कमी झुकल्याने गुरुत्वमध्य बाहेर सरकण्याचे प्रमाण थोडे घटते, एवढाच कडक स्प्रिंगचा लाभ. मूळ मर्यादा गाडीच्या रुंदीने आणि उंचीने आधीच ठरलेली असते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे मारुतीची जिप्सी. डिसेंबर १९८५मध्ये आलेल्या या गाडीच्या चारही चाकांवर पाट्यांचे सस्पेन्शन होते आणि दोन चाकांमधील अंतर पुढे जेमतेम १,२१० मिलिमीटर होते. १९९३ साली आलेल्या ‘वाइडट्रॅक’ जिप्सीत हे अंतर पुढे-मागे ९० मिलिमीटरने वाढवण्यात आले. उलटण्याविरुद्धची मर्यादा वाढवणारा हा खरा उपाय; पण तो कारखान्यात होतो, गॅरेजमध्ये नव्हे.

परदेशातील एक प्रसंगही बोलका आहे. १९९७ साली मर्सिडीझची नवी छोटी ‘ए-क्लास’ मोटार स्वीडनमधील चाचणीत, रस्त्यात अचानक आलेला प्राणी चुकवण्यासारखे वळण घेताना उलटली. कंपनीने नंतर सस्पेन्शन अधिक कडक केले, चाकांमधील अंतर वाढवले आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणाही सर्व गाड्यांत बसवली. केवळ स्प्रिंग कडक करून भागले नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडील गाड्यांची रचना

महिंद्रने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळवणी सुरू केली. तिच्या पुढे-मागे अखंड अॅक्सल आणि त्यावर पाटे अशी रचना होती. ग्रामीण महाराष्ट्रातील प्रवासी जीपगाड्या दीर्घकाळ याच धाटणीच्या राहिल्या. पाटे स्वस्त असतात, ओझे पेलतात आणि तालुक्याच्या गावी दुरुस्त होतात. त्यांची अडचण अशी की, ते चाकांपासून बरेच आत, चासीच्या दांड्यांखाली बसवलेले असतात. दोन्ही बाजूंच्या पाट्यांमधील अंतर कमी असल्याने धडाला आडवा आधारही कमी मिळतो.

१९९४ साली आलेली टाटा सुमो आणि २००० साली आलेली महिंद्र बोलेरो यांत पुढे प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे पाटे अशी मिश्र रचना होती. १९९८च्या टाटा सफारीत पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळ खाऊन स्प्रिंगचे काम करणारी पोलादी दांडी, आणि मागे कॉइल स्प्रिंग होत्या. प्रवास मऊ झाला. पण मऊ स्प्रिंगवर उंच धड अधिक कलते. यावर उतारा म्हणून ‘अँटी-रोल बार’ बसवतात. ही दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारी आडवी दांडी असते. दोन्ही चाके एकाच वेळी वर-खाली झाली तर ती काहीच करत नाही. एक बाजू दबली आणि दुसरी सुटली, तरच ती पिळली जाते आणि धडाला सावरते. इंग्लंडमधील रेंज रोव्हर १९७० साली चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग घेऊन आली आणि मऊ प्रवासासाठी नावाजली गेली. पण वळणावर ती भरपूर कलत असे. तिला अँटी-रोल बार मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले.

आधी झीज शोधा

जुनी गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलू लागली असेल, तर दोष मूळ रचनेचा नसून बहुधा झिजेचा असतो. त्यामुळे नवे काही बसवण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी.

टायर : दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीत किंवा माहितीपुस्तिकेत दिलेली हवा थंड टायरमध्ये मोजून भरावी. कमी हवेचा टायर वळणावर बाजूने दुमडतो आणि गाडी तरंगल्यासारखी वाटते. मात्र, ‘कडक’ वाटावी म्हणून ठरल्यापेक्षा जास्त हवा भरू नये. रस्त्यावरची पकड घटते.

उभी गाडी : सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करून चारही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. उजव्या-डाव्या बाजूत ठळक फरक दिसला, तर एखादा पाटा तुटला आहे, बसला आहे किंवा स्प्रिंग थकली आहे असे समजावे.

शॉकअप : गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडावा. तो वर येऊन एका झोक्यात स्थिरावला पाहिजे. आणखी झोके येत असतील किंवा शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसत असेल, तर तो बदलण्याची वेळ झाली आहे. शॉकअपचे काम कलण्याचा वेग रोखण्याचे आणि झोके शमवण्याचे आहे. लांब वळणावर गाडी शेवटी किती कलेल, हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार ठरवतात. तरीही लाटांसारख्या रस्त्यावरचे होडीसारखे डोलणे बहुतेक वेळा नव्या शॉकअपनेच थांबते, म्हणून खर्चाची सुरुवात येथून करावी. पुढचे दोन किंवा मागचे दोन शॉकअप जोडीनेच बदलावेत.

बुश आणि शॅकल : पाट्यांच्या टोकांतील, शॅकलमधील आणि अँटी-रोल बारच्या जोडांमधील रबरी बुश फाटले की धडाला आडवी ढिलाई मिळते. स्टिअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर उशिरा प्रतिसाद देते, त्याचे एक कारण हेच. पहारीने हलवून पाहिल्यास खेळ लगेच दिसतो. अँटी-रोल बारची लिंक तुटलेली असूनही वर्षानुवर्षे तशीच धावणाऱ्या गाड्या कमी नाहीत. अशा गाडीत बार असून नसल्यासारखाच. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन पाट्यांवर आल्यावरच ते आवळावेत. अन्यथा रबर सतत पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

पाटे व यू-बोल्ट : पाट्यांमध्ये भेग आहे का, मधला बोल्ट तुटला आहे का, पाटे एकमेकांवरून बाजूला सरकले आहेत का, हे पाहावे. पाटे काढले असतील तर यू-बोल्ट शक्यतो नवे घालावेत आणि काही शे किलोमीटर धावल्यावर पुन्हा आवळावेत. तुटलेला पाटा वेल्डिंग करून वापरणे हा जिवाशी खेळ आहे. पोलादाला दिलेले पाणी वेल्डिंगच्या उष्णतेने उतरते आणि पाटा नेमका भार आल्यावर तुटतो. बसलेले पाटे भट्टीत लाल करून बाक देण्यातही हाच धोका असतो. नंतर शास्त्रशुद्ध पाणी दिले गेले नाही, तर ते पुन्हा बसतात.

स्टिअरिंग व बेअरिंग : बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके आणि चाकांचे बेअरिंग यांतील खेळही ‘नरम सस्पेन्शन’ म्हणून जाणवतो. सर्व दुरुस्ती झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे.

हा क्रम पूर्ण केल्यावर बहुतांश जुन्या गाड्या पुन्हा ताळ्यावर येतात. गाडी नवी असतानाही ती थोडी कलत होती, हे विसरू नये. दुरुस्तीचे ध्येय तिला त्या मूळ अवस्थेत आणणे हे असावे.

कडकपणा वाढवताना

दुरुस्तीनंतरही कल जास्त वाटत असेल, तरच कडकपणा वाढवण्याचा विचार करावा. येथे थोडे गणित उपयोगी पडते. सारख्याच आकाराचे पाटे असतील, तर कडकपणा त्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. पण पाट्याची जाडी वाढवली तर तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. सहाऐवजी सात मिलिमीटर जाडीचा पाटा सुमारे १.६ पट कडक असतो. अँटी-रोल बारमध्ये तर हे प्रमाण व्यासाच्या चौथ्या घाताचे आहे. २० मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटरचा भरीव बार जवळपास दीडपट, तर २४ मिलिमीटरचा दुपटीहून अधिक कडक ठरतो. म्हणजे डोळ्यांना न जाणवणारा फरक गाडीचा स्वभाव बदलून टाकतो.

म्हणूनच वाढ बेताने आणि पुढे-मागे तोल सांभाळून करावी. बहुतेक जण ओझ्यासाठी फक्त मागचे पाटे वाढवतात. त्यामुळे वळणावर मागच्या बाहेरील चाकावर अधिक भार येतो, त्याची पकड आधी सुटते आणि रिकाम्या गाडीचा मागचा भाग ओल्या रस्त्यावर बाहेर फेकला जातो. शिवाय रिकामी गाडी खड्ड्यांवर उडू लागते. चाक रस्त्यावरून उचलले गेले की त्या क्षणी ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगही नाही. नुसत्या कलण्यावरच उपाय हवा असेल, तर कंपनीनेच त्या मॉडेलसाठी दिलेला अँटी-रोल बार हा अधिक पाटे घालण्यापेक्षा चांगला पर्याय आहे. कारण तो सरळ रस्त्यावरचा प्रवास फारसा कडक करत नाही.

टॉर्शन बारबाबत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. त्याचा समायोजनाचा बोल्ट आवळला की गाडी कडक होते, असे मानले जाते. प्रत्यक्षात त्यामुळे गाडीची पुढची बाजू फक्त उंचावते. बारची जाडी आणि लांबी तीच राहिल्याने त्याचा मूळ कडकपणा बदलत नाही. उंची वाढल्याने गुरुत्वमध्य मात्र वर जातो. कॉइल स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर बसवण्याची पद्धतही प्रचलित आहे. बफर ज्या वेढ्यांत असतो ते नीट दबत नाहीत, ताण उरलेल्या वेढ्यांवर येतो. थकलेल्या स्प्रिंगवर हा इलाज नव्हे. स्प्रिंगच बदलली पाहिजे.

शेतरस्त्यासाठी जीप वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाणंदीत किंवा नाल्यात उतरताना प्रत्येक चाकाने स्वतंत्रपणे खाली-वर होऊन जमीन धरली पाहिजे. जाड अँटी-रोल बार नेमके हेच रोखतो आणि एक चाक अधांतरी फिरू लागते. याच कारणास्तव २००७च्या अमेरिकन जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचा बार बटण दाबून सोडवण्याची सोय देण्यात आली. आपल्या जुन्या गाड्यांत ती नाही. म्हणून गाडी अधिक वेळ डांबरावर धावते की शेतात, हे आधी ठरवावे.

टपावरचे ओझे, उंच टायर आणि वेग

आता कलंडण्याकडे वळू. उदाहरणादाखल १,६०० किलो वजनाची जीप घेऊ. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आणि दोन चाकांमधील अंतर १४० सेंटिमीटर आहे असे मानू. वर सांगितलेले गुणोत्तर बरोबर १.० येते. आता टपावर, १९० सेंटिमीटर उंचीवर, १५० किलोचे ओझे चढवले. गुरुत्वमध्य ८० सेंटिमीटरवर जातो आणि गुणोत्तर ०.८७पर्यंत घसरते. दोन-तीन पोती धान्य किंवा टपावर बसलेले दोन प्रवासी एवढा फरक करतात. सस्पेन्शनवर कितीही खर्च केला तरी तो यातून भरून निघत नाही. मोठे टायर आणि गाडी उंचावणारे सुटे भाग यांचा परिणामही याच दिशेचा असतो. चाकांमधील अंतर वाढवण्यासाठी मिळणाऱ्या चकत्या, म्हणजे स्पेसर, बेअरिंग आणि चाकाच्या बोल्टवरचा ताण वाढवतात.

दुसरा भाग वेगाचा. वळणावरचा आडवा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाने हा जोर गाडीच्या वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश असतो. ताशी ६० किलोमीटरला तो निम्म्याहून अधिक होतो. वेग दीडपट झाला की जोर सव्वादोन पट. केजहून धारूरकडे जाऊन घाट उतरणाऱ्या किंवा मांजरसुंब्याच्या वळणांवरून भरलेली गाडी नेणाऱ्या चालकाने हा हिशेब विसरता कामा नये.

शिवाय उंच वाहने कोरड्या सपाट डांबरावर केवळ वळणामुळे क्वचितच उलटतात. चाक कशाला तरी अडखळले की ती उलटतात. खचलेली साइडपट्टी, तिच्यात रुतलेले चाक आणि गाडी पुन्हा वर घेण्यासाठी घाईने ओढलेले स्टिअरिंग, ही आपल्या रस्त्यांवरची नेहमीची साखळी. चाक खाली उतरलेच तर स्टिअरिंग सरळ धरावे, अॅक्सिलरेटर सोडावा, वेग पुरेसा उतरू द्यावा आणि मगच हळुवारपणे डांबरावर यावे. नव्या गाड्यांतील स्थिरता यंत्रणा अशा वेळी काही प्रमाणात सावरते. जुन्या जीपमध्ये ते काम चालकालाच करावे लागते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार वाहनाचा नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा ठरेल, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९च्या निकालात ही भूमिका अधोरेखित केली आहे. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. झिजलेल्या भागाच्या जागी कंपनीने ठरवलेल्या मापाचा नवा भाग बसवणे ही दुरुस्ती आहे. चासीवर नवे वेल्डिंग करून आधार जोडणे, गाडी उंचावणे किंवा बसण्याची जागा वाढवणे मात्र या कलमांच्या कक्षेत येऊ शकते. शंका असल्यास काम करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारणा करावी. बीड जिल्ह्यात बीड (एमएच-२३) आणि अंबाजोगाई (एमएच-४४) अशी दोन नोंदणी कार्यालये आहेत. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी वाहनाची तपासणी होते. सस्पेन्शनची वर सांगितलेली कामे त्या तपासणीपूर्वी उरकून घेणे सोयीचे ठरते.

खर्चाचा क्रम

थोडक्यात, टायरमधील हवा आणि टपावरचे ओझे यांना पैसे लागत नाहीत. तेथून सुरुवात करावी. त्यानंतर शॉकअप, मग बुश आणि लिंक, मग तुटलेले वा बसलेले पाटे व स्प्रिंग, आणि सर्वांत शेवटी, गरज उरलीच तर, अँटी-रोल बार. प्रत्येक टप्प्यानंतर गाडी ओळखीच्या रस्त्यावर, नेहमीच्याच वेगाने चालवून पाहावी.

नव्या शॉकअपनंतर गाडी वळणावर स्थिर वाटू लागते आणि चालकाचा पाय नकळत अॅक्सिलरेटरवर अधिक दाबला जातो. पूर्वी गाडीचे कलणे त्याला वेग कमी करण्याची सूचना देत होते. आता ती सूचना उशिरा मिळेल. गाडीची रुंदी आणि उंची मात्र पूर्वीइतकीच आहे. दुरुस्त केलेली जीपही पूर्वीच्याच वेगाने वळवावी, आणि टपावर माणसे बसवू नयेत.